काळ्यात काळा: मॅनेच्या ‘बर्थ मोरिसो’ची नक्कल करतानाच्या नोंदी

चित्र: व्हायोलेटच्या फुलांचा गुच्छ लावलेली बर्थ मोरिसो. चित्रकार एदुआर मॅने, १८७२. तैलरंग, ५५.५ × ४०.५ सें.मी. मूळ चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. मी ते समोर उभं राहून पाहिलेलं नाही. कोल्हापुरात, घराच्या मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी बसून छापील प्रतीवरून आणि संगणकाच्या पडद्यावरून ही नक्कल केली. कुणी हेच चित्र करायला घेतलं तर माझे वाया गेलेले दिवस त्याचे वाचावेत, म्हणून त्या त्या दिवशीच लिहून ठेवलं आहे.

४ जून

कॅनव्हास ताणून आला. या मापाचा तयार मिळत नाही, चौकट करून घ्यावी लागली. दुकानदार म्हणाले, अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे काय होतं, ५६ × ४१ घ्या. मी ऐकलं नाही. नक्कल करायची तर मापाला धरून करायची. ₹९०० गेले.

जेसोचे, म्हणजे रंगाच्या आधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात दुकानातूनच दिलेले होते. पोत जरा खरखरीत लागला म्हणून मी घरी आणखी दोन हात दिले आणि घासून गुळगुळीत केलं. आज हात फिरवताना फार समाधान वाटतंय.

हेच चित्र का? एक तर यात काही नाही. काळी टोपी, काळा पोशाख, गळ्याशी काळ्या रिबिनी, मागे फिकट राखाडी भिंत आणि मधे एक चेहरा. सगळं ओळखीचं, सगळं समोर, आणि तरी कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. दुसरं कारण म्हणजे चित्रातली बाई स्वतः चित्रकार आहे. १८६८ साली पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात ती रुबेन्सच्या चित्राची नक्कल करत होती, तिथं फाँतँ-लातूर या चित्रकारानं तिची मॅनेशी ओळख करून दिली. म्हणजे या मैत्रीची सुरुवातच नकलेच्या ईझलपाशी, चित्र टेकवायच्या घोडीपाशी झाली. नक्कल करणाऱ्याला एवढा आधार पुरतो.

९ जून

छापील प्रत मूळ मापात करून घेतली, ₹६५०. ट्रेसिंग पेपरवर खाका काढून कॅनव्हासवर उतरवला. टोपी, जबड्याची रेघ, खांद्यांचा उतार, डोळ्यांच्या जागा. खाका कॅनव्हासपेक्षा थोडा उंच निघाला. मला वाटलं छापताना खाली जास्तीचं आलं असेल. खालचं तेवढं सोडून दिलं.

संध्याकाळी बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून रेघा पक्क्या केल्या.

१८ जून

नऊ दिवस वाया गेले.

भिंतीचा राखाडी झाला होता, चेहऱ्याचा पहिला थरही लावून झाला होता. आज मैत्रीण आली. ती चित्रकारच आहे, आमची ओळख तीस वर्षांपूर्वीची. दारातूनच म्हणाली, “चेहरा लांबला की गं.” मी म्हटलं, मोरिसोचा चेहरा उभटच आहे. ती म्हणाली, “उभट वेगळा आणि ओढलेला वेगळा. टेप आण.”

टेप लावली. छापील चित्राची रुंदी बरोबर ४०.५, उंची मात्र ५७.२. छापणाऱ्यानं कागद भरावा म्हणून चित्र उभं ताणलं होतं. १.७ सेंटिमीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यानं कपाळ चढलं, हनुवटी उतरली आणि बाई दुखण्यातून उठल्यासारखी दिसायला लागली. खाका मोठा निघाला तेव्हाच थांबायला हवं होतं. कॅनव्हासचं माप अर्ध्या सेंटिमीटरलाही ऐकलं नाही आणि प्रत मात्र न मोजता घेतली.

करणाऱ्यांसाठी: छापून आल्या आल्या, दुकानातच, दोन्ही बाजू मोजा. चौकोन आखून काढणार असाल तर ताणलेली प्रतही चालून जाते, कारण चौकोनही तेवढेच ताणले जातात. ट्रेसिंग करणार असाल तर चूक जशीच्या तशी कॅनव्हासवर येते.

सगळं टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून काढलं. राखाडी काही पुरता निघाला नाही, त्याचा डाग राहिला. राहू दे म्हटलं, वरून भिंतच येणार आहे.

२२ जून

नवी प्रत, पुन्हा ₹६५०. मोजून घेतली. यावेळी चौकोन आखले, उंचीत आठ आणि रुंदीत सहा. नुसत्या डोळ्यांनी काढायला दोन दिवस गेले, पण रेघ माझ्या हातची आली.

मागची भिंत केली. पांढरा, थोडा आयव्हरी ब्लॅक, कणभर यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा. ही भिंत सपाट करू नका. रुंद ब्रशनं तिरके हात मारा आणि पुन्हा तिथं जाऊ नका. मी पहिल्यांदा मऊ ब्रशनं सगळं एकसारखं केलं, तर चुना मारल्यासारखं दिसलं. परत केली.

२८ जून

आता काळा. पॉल व्हालेरी या कवीनं १९३२ साली मॅनेच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत या चित्राबद्दल लिहिलं आहे. मोरिसोच्या भाचीशी त्याचं लग्न झालेलं, म्हणजे घरचाच माणूस. मॅनेच्या सगळ्या कामात या चित्राच्या वर तो काहीच ठेवत नाही, आणि कारण सांगताना आधी काळ्याचं नाव घेतो. तेव्हा काळ्याशी नीट वागायचं ठरवलं होतं.

आम्हाला शिकवलेलं असं की ट्यूबमधला काळा वापरू नये, तो चित्राला भोक पाडतो. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट अंबर कालवून काळा करावा. तेच केलं. टोपी निळसर, पोशाख तपकिरी, रिबिनी जांभळट. तीन दिवस तीन तऱ्हेचे काळे कालवले. पॅलेटवर फार देखणे दिसत होते. कॅनव्हासवर एकाचीही टोपी होईना. पावसात भिजलेल्या गोणपाटासारखं काहीतरी झालं.

छापील प्रत इथं उपयोगाची नाही. छपाईत काळ्याच्या आतलं सगळं मरतं, तिथं नुसता एक डाग उरतो. संगणकावर चित्राची प्रत उघडून तिचा उजेड भरपूर वाढवला, तेव्हा काळ्याच्या आत घड्या दिसल्या, फटकारे दिसले, टोपीचा गोलावा दिसला. रंग कळायला याचा काही उपयोग नाही, पण ब्रश कुठून कुठे गेला ते कळतं.

३० जून

काळा खरडून काढला. चांगल्या प्रतीच्या आयव्हरी ब्लॅकची ट्यूब आणली, ₹१,१५०. महाग आहे, पण या चित्रात तीच लागते. नाव हस्तिदंताचं असलं तरी आता ती हाडांच्या कोळशाची असते. किंचित उबदार, पारदर्शकपणाकडे झुकणारा काळा. पहिल्या थरात त्यात थोडा अंबर घातला. नुसता आयव्हरी ब्लॅक फार सावकाश सुकतो आणि बाहेर पाऊस लागलाय, अंबरमुळे सुकायला मदत होते.

एका बैठकीत टोपी आणि खांदे. पहिल्यांदाच बरं वाटलं. ओला काळा पाण्यासारखा चमकत होता.

६ जुलै

सकाळी खोलीत आले तर टोपी राखाडी. सगळा काळा बसला होता. तेल खाली शोषलं गेलं, वर नुसती भुकटी राहिली. कुठे चमक, कुठे पाटीवर खडू पुसल्यासारखे पट्टे. जिथं मी जेसोचे जास्तीचे हात देऊन घासलं होतं तिथं सगळ्यात वाईट. ४ जूनचं ते समाधान हे असं फळाला आलं. जेसो तहानलेला असतो. जितके हात जास्त, तितकं तेल तो पितो, आणि काळ्यात ते आधी दिसतं.

बसलेला काळा बघून वरून आणखी काळा लावू नका. मी एका कोपऱ्यात लावला, तोही बसला. उपाय असा: थर हाताला सुका लागेपर्यंत थांबायचं. मग जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मंनिम्मं घेऊन स्वच्छ सुती फडक्यानं अगदी पातळ चोळायचं. दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं सगळं टिपून घ्यायचं. वर तेल राहता कामा नये, राहिलं तर पुढे पिवळं पडतं. या पावसात थर सुकायला बारा दिवस तरी लागतील. दिवसभर पंखा लावला, कॅनव्हास भिंतीपासून हातभर पुढे ठेवला, नाहीतर पाठीमागून बुरशी धरते.

आणि ती तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेतात. उघडून, पसरून, घराबाहेर वाळत घाला.

१९ जुलै

मधल्या दिवसांत चेहरा केला. सहा बैठका. रोज दीड तास, रोज थोडं सुधारत. डोळ्यांची बुबुळं नीट काढली, पापण्यांचे केस काढले, ओठांच्या कडा स्वच्छ केल्या. रोज आदल्या दिवसापेक्षा हुबेहूब आणि रोज आदल्या दिवसापेक्षा मेलेला.

मैत्रीण बराच वेळ बघत उभी राहिली. मग पॅलेटवरचा ब्रश तिनं उचलला आणि म्हणाली, “ही गालाची कड फक्त मोडते, थांब.” तिचा हात कॅनव्हासच्या वीतभर अलीकडे असताना मी मनगट धरलं. दोघी थोडा वेळ काहीच बोललो नाही.

मला मोरिसोचंच आठवलं होतं. १८७० च्या सलोंसाठी, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या अधिकृत चित्रप्रदर्शनासाठी, तिनं आईचं आणि बहिणीचं चित्र केलं होतं. मनासारखं झालंय की नाही याची धास्ती होती, म्हणून मॅनेला बघायला बोलावलं. त्यानं छान आहे म्हटलं, ब्रश हातात घेतला, घागऱ्याच्या खालच्या बाजूला दोनचार फटकारे मारले. मग थांबलाच नाही. घागऱ्यावरून छातीवर, छातीवरून डोक्यावर, डोक्यावरून मागच्या भिंतीवर. चित्र न्यायला गाडी दारात उभी. ते तसंच सलोंला गेलं आणि बर्थला ते फार लागलं. ते चित्र आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यानंतर दोन वर्षांनी ती त्याच मॅनेसमोर काळी टोपी घालून बसली. मैत्री अशीच असते का, मला सांगता यायचं नाही. पण या चित्रातली ती सरळ आपल्याकडे बघणारी नजर मी तेव्हापासून वेगळी बघते.

मैत्रिणीनं ब्रश खाली ठेवला. म्हणाली, “मग तूच मोड.”

२० जुलै

मोडला. पॅलेट नाईफनं चेहरा खरडला, उरलेला फडक्यानं पुसला. नऊ तासांचं काम पाच मिनिटांत गेलं. मॅनेही मनासारखं होईना की चेहरा खरडून पुन्हा कोऱ्यावर यायचा, त्याचा तेवढा आधार घेतला.

२७ जुलै

आज ब्रश हातात धरला नाही, आणि सगळ्या कामात आजच्या दिवशी मला सगळ्यात जास्त मिळालं.

मॅने एरवी मॉडेलवर समोरून सपाट, थंड उजेड घेतो. या चित्रात उजेड एका बाजूनं आहे. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत. हे मी पुस्तकात वाचलं होतं, चित्रात बघतही होते, पण ते कसं होतं ते कळत नव्हतं. मग मैत्रिणीला म्हटलं, तू बस. तिच्याकडे आईची जुनी चंद्रकळा आहे, ती ती घेऊन आली. डोक्यावरून, खांद्यावरून लपेटली आणि खिडकीला बाजू करून बसली. बाहेर पाऊस, उजेड पांढुरका. मागे आमची फिकट भिंत.

डोळे किलकिले करून बघितलं. जे दिसलं ते तसंच लिहिते.

उजेडातल्या गालाशी टेकलेला काळा सगळ्यात काळा दिसत होता. तीच साडी, तोच पदर, चार बोटं बाजूला गेला की करडा व्हायचा. म्हणजे काळा किती काळा ते गाल ठरवतो. मी टोपीचा काळा टोपीत शोधत बसले होते.

सावलीच्या बाजूला कडच नव्हती. केस कुठे संपले, पदर कुठे लागला, कान आहे की नाही, काही सांगता येत नव्हतं. तिथं डोळा थांबत नाही, सरळ उजेडाच्या बाजूला येतो. मी तिथं केसन् केस काढून ठेवला होता.

आणि डोळे. मैत्रिणीचे डोळे घारे आहेत, तीस वर्षं मला माहीत आहे. त्या उजेडात ते काळे दिसत होते. मोरिसोचे डोळे हिरवे होते आणि मॅनेनं ते काळे रंगवले. मी ही त्याची मर्जी समजत होते. मर्जी असेलही. पण टोपीच्या आणि पोशाखाच्या त्या काळ्याला चेहऱ्याच्या मध्यात दोन जागा हव्या होत्या, नाहीतर चेहरा बाकीच्या चित्रापासून सुटून आला असता, हे आज दिसलं.

ती दीड तास बसली. शेवटी म्हणाली, “तू मला बघतेस की चंद्रकळेला?” आणि मान न हलवता नुसती नजर माझ्याकडे वळवली. तीच नजर. समोरचा माणूस आपल्याला किती ओळखतो हे ठाऊक असलेल्या माणसाची.

३ ऑगस्ट

चेहरा एका बैठकीत केला. सकाळी साडेनऊला सुरू, दुपारी पावणेदोनला ब्रश धुतले. आधीच ठरवलं होतं की पॅलेटवर चारच राशी घ्यायच्या: उजेडाचा रंग, मधला, सावलीचा आणि तोच टोपीचा आयव्हरी ब्लॅक. ब्रश दोनच, चपटे, अर्धा इंच आणि पाव इंच. बारीक ब्रश कपाटात ठेवून दिला.

आधी सावली एका थरात पातळ, मग उजेड दाट. कपाळ, नाकाचा दांडा, गाल. डोळे टोपीच्याच काळ्यानं, त्याच ब्रशनं, बुबुळ न काढता. सावलीच्या बाजूचे केस ओल्या काळ्यात ओले ओढले, कड आपली आपण विरली. ओठांचा खालचा फटकारा चुकला, जरा उजळ गेला. हात थरथरत होता दुरुस्त करायला. केला नाही.

पडद्यावरचं चित्र आणि हे शेजारी ठेवलं. साम्य सहा बैठकांच्या चेहऱ्यापेक्षा कमी आहे. माणूस मात्र आहे.

१० ऑगस्ट

व्हायोलेटची फुलं. चित्राचं नाव त्यांच्यावरून आणि तीच शोधावी लागतात, काळ्या पोशाखात छातीशी निळसर-जांभळे थोडे फटकारे. अल्ट्रामरीन, थोडा अलिझरीन हा गडद लाल, थोडा पांढरा. पहिल्या वेळी मी फुलं काढली, पाकळ्यांसकट. ती हळदीकुंकवाला वाटतात तसल्या गुच्छासारखी पुढे आली आणि चेहऱ्याशी भांडायला लागली. पुसली. दुसऱ्या वेळी काळ्यावर नुसती बोटभर चाहूल ठेवली.

त्याच वर्षी मॅनेनं आणखी एक लहानसं चित्र केलं: व्हायोलेटचा गुच्छ, मिटलेला पंखा आणि एक उघडी चिठ्ठी. चिठ्ठीवर बर्थचं नाव आणि त्याचं स्वतःचं. ते तिला भेट दिलं. आभार मानायची ही रीत मला फार आवडते.

२४ ऑगस्ट

खर्च: कॅनव्हास ९००, दोन प्रती १,३००, काळ्याची ट्यूब १,१५०, बाकीचे रंग १,४००, तेल-टर्पेंटाइन ५२०, दोन ब्रश ७८०. एकूण ₹६,०५०. वेळ साधारण ६० तास, त्यातले निम्मे खरडण्यापुसण्यात गेले.

राहिलेले दोष: टोपीचा काळा डाव्या वरच्या कोपऱ्यात अजून थोडा बसलेला आहे, तिथं पुन्हा तेल चोळायचंय. भिंत मूळ चित्रापेक्षा पिवळट. खालचा ओठ उजळ. व्हार्निश निदान सहा महिने करणार नाही, आतला काळा सावकाश सुकतोय.

एक गोष्ट काम करताना सारखी टोचत राहिली. १८६८ ते १८७४ या वर्षांत मॅनेनं बर्थला दहाहून जास्त वेळा रंगवलं. पंखा घेऊन, गुच्छ घेऊन, जाळीचा रुमाल तोंडावर घेऊन, सोफ्यावर रेलून. ब्रश हातात घेतलेली एकदाही नाही. त्याची शिष्या एवा गोन्झालेस मात्र त्यानं ईझलसमोर बसवून रंगवली. आणि बर्थ ही तर १८७४ च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात चित्रं मांडणारी, जिथं मॅने स्वतः गेला नाही. त्या वर्षाच्या डिसेंबरात तिनं मॅनेच्या भावाशी, यूजेनशी लग्न केलं आणि त्यानंतर मॅनेनं तिचं चित्र केलं नाही. हे काळ्या टोपीचं चित्र समीक्षक तेओदोर द्युरेकडे होतं. १८९४ मध्ये त्याचा संग्रह लिलावात निघाला तेव्हा बर्थनं ते घेतलं. मॅने जाऊन अकरा वर्षं झाली होती. पुढच्या मार्चमध्ये ती गेली.

मैत्रिणीला हे सांगितलं. ती नक्कल हातात घेऊन खिडकीशी उभी होती. म्हणाली, “मग मला पुन्हा बसवशील तेव्हा नुसती नाही बसणार. मी पण माझं ईझल लावणार. तू माझं कर, मी तुझं करते.” १८६७ मध्ये बाझीय आणि रन्वार या दोन चित्रकार मित्रांनी असंच एकमेकांचं चित्र केलं होतं, रन्वारच्या चित्रात बाझीय ईझलसमोर वाकून काम करतोय. ती म्हणाली, ते मला माहीत नाही, पण उत्तरेची बाजू माझी.

आज जाऊन दोन चौकटी सांगून आले, दोन्ही ५५.५ × ४०.५. जेसोचे दोनच हात. मंगळवारी मिळतील.